खात्यात दिसणारी शिल्लक आणि हाती असलेली शिल्लक : कार्ड व्यवहार रखडल्यास दंड कसा टाळावा?

मुंबई : दुकानात कार्ड यंत्रातून फिरवल्यावर काही क्षणांत ‘व्यवहार यशस्वी’ असा संदेश येतो आणि पैसे पोहोचले, असा ग्राहकाचा समज होतो. प्रत्यक्षात त्या क्षणी फक्त बँकेची मंजुरी मिळालेली असते. दुकानदाराची बँक, कार्ड जाळे आणि ग्राहकाची बँक यांच्यातील हिशेब त्यानंतर पूर्ण होतो. मधल्या काळात व्यवहार अडकला आणि त्याच सुमारास कर्जाचा हप्ता खात्यातून वजा व्हायचा असला, तर खात्यात पुरेसे पैसे ठेवणाऱ्या ग्राहकालाही हप्ता परत गेल्याचा दंड बसू शकतो.

भारतात बचत खात्यावर साधारणतः शिलकीपेक्षा अधिक रक्कम काढता येत नाही. पैसे अपुरे असल्यास बँक उसने देत नाही, तर व्यवहार नाकारते. मात्र या नकारासाठीही शुल्क लागते. पुरेशा रकमेअभावी हप्ता परत गेल्यास बहुतेक बँका प्रत्येक वेळी काहीशे रुपये आकारतात. त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर लागतो. कर्ज देणारी संस्थाही आपले वेगळे शुल्क लावते. त्यामुळे एकाच चुकीचा भुर्दंड दोन ठिकाणी पडतो.

अडचण नेमकी कुठे येते?

समजा, एका नोकरदाराच्या खात्यात 3 तारखेला 14,000 रुपये आहेत आणि 5 तारखेला 10,000 रुपयांचा हप्ता जायचा आहे. दुकानात 2,500 रुपयांचे कार्ड पेमेंट करताना जोडणी तुटते. रक्कम खात्यातून वजा होते, पण दुकानदाराकडे नोंद होत नाही. ग्राहक दुसऱ्यांदा कार्ड वापरतो. आता खात्यात 9,000 रुपये उरतात आणि दोन दिवसांनी हप्ता परत जातो.

अशा फसलेल्या व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 रोजी परिपत्रक काढून मुदत ठरवून दिली आहे. दुकानातील किंवा ऑनलाइन कार्ड व्यवहारात रक्कम वजा झाली, पण विक्रेत्याकडे पुष्टी झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत जमा झाली पाहिजे. एटीएममधून रोकड न मिळताच रक्कम वजा झाल्यासही हीच मुदत आहे. विलंब झाल्यास बँकेने दररोज 100 रुपये भरपाई द्यावयाची असून ती ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता खात्यात जमा करावयाची आहे.

वरील उदाहरणात बँकेकडे 8 तारखेपर्यंत वेळ आहे, हप्ता मात्र 5 तारखेलाच जातो. म्हणजे बँकेने कोणताही नियम मोडलेला नसतानाही ग्राहकाला दंड बसतो. पैसे परत मिळण्याचा हक्क आणि ते वेळेवर हाताशी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वस्तू परत केल्यावर मिळणारा परतावा हा याहून वेगळा प्रकार आहे. तो व्यवहार फसलेला नसतो. त्यामुळे पाच दिवसांची ही मुदत त्याला लागू होत नाही आणि पैसे विक्रेत्याच्या प्रक्रियेनुसार येतात. असा परतावा प्रत्यक्ष जमा होईपर्यंत हिशेबात धरू नये.

दोन शिलकींमधला फरक

बँकेच्या ॲपमध्ये अनेकदा एकूण शिल्लक आणि उपलब्ध शिल्लक असे दोन आकडे दिसतात. हॉटेलने अनामत म्हणून कार्डावर रोखलेली रक्कम किंवा समभागांच्या प्राथमिक विक्रीसाठी अर्ज करताना अडकवलेली रक्कम एकूण शिलकीत दिसत राहते, पण खर्चासाठी वापरता येत नाही. हप्त्याला पैसे पुरतील का, हे पाहताना उपलब्ध शिल्लकच विचारात घ्यावी.

रविवारची सवलत संपली

पूर्वी देय तारीख रविवारी किंवा बँकेच्या सुट्टीच्या दिवशी आली, की हप्ता पुढील कामकाजाच्या दिवशी वजा होत असे. हप्ते, विमा आणि वीजबिले ज्या एनएसीएच यंत्रणेतून वसूल होतात, ती 1 ऑगस्ट 2021 पासून आठवड्याचे सर्व दिवस सुरू आहे. परिणामी शनिवारी संध्याकाळी खाते रिकामे असेल, तर रविवारी सकाळी हप्ता परत जाऊ शकतो.

कार्डावरील नियमित वर्गणीसाठी मात्र ग्राहकाला पूर्वसूचना मिळते. ई-मँडेटच्या नियमांनुसार रक्कम वजा होण्याच्या किमान 24 तास आधी संदेश पाठवणे बँकेला बंधनकारक आहे आणि तो व्यवहार थांबवण्याची सोयही द्यावी लागते. हा संदेश जाहिरात समजून पुसून टाकू नये.

परिणाम केवळ दंडापुरते नाहीत

हप्ता चुकल्याची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे गेल्यास पुढील कर्ज मिळणे कठीण होऊ शकते. शिवाय अपुऱ्या शिलकीमुळे इलेक्ट्रॉनिक वसुली परत जाणे हा पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, 2007 च्या कलम 25 नुसार गुन्हा ठरू शकतो. न वटलेल्या धनादेशाप्रमाणेच त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. अर्थात, कायद्यानुसार आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि रक्कम भरण्यासाठी 15 दिवस मिळतात.

किमान शिल्लक न राखल्याच्या शुल्काबाबत ग्राहकाला संरक्षण आहे. असे शुल्क लावण्यापूर्वी बँकेने ग्राहकाला कळवून शिल्लक भरून काढण्यासाठी किमान एक महिना दिला पाहिजे. तसेच केवळ या शुल्कापोटी बचत खात्याची शिल्लक उणे होता कामा नये, असे रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर 2014 च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे.

काय करावे?

● हप्ते आणि विम्यासाठी वेगळे खाते ठेवावे. दैनंदिन खरेदीचे कार्ड त्या खात्याला जोडू नये.

● हप्त्याची रक्कम देय तारखेच्या किमान एक दिवस आधी खात्यात असावी. पगार उशिरा होत असल्यास तारीख बदलून देण्याची विनंती कर्जदात्याकडे करावी.

● कार्ड व्यवहार अडकल्यास लगेच दुसऱ्यांदा कार्ड वापरू नये. बँकेचा संदेश व उपलब्ध शिल्लक तपासावी. रक्कम वजा झाली असल्यास हप्त्यापुरते पैसे उरतात का, ते पाहूनच पुन्हा पैसे द्यावेत.

● फसलेल्या व्यवहाराची पावती, संदेश आणि संदर्भ क्रमांक जपून ठेवावा आणि बँकेकडे त्याच दिवशी तक्रार नोंदवावी.

● हप्ता परत गेलाच, तर कर्जदात्याशी तत्काळ संपर्क साधून रक्कम भरावी. अडकलेल्या व्यवहाराचा पुरावा जोडून बँकेकडे शुल्कमाफीचा लेखी अर्ज करावा. शुल्क माफ करणे बँकेच्या अखत्यारीत असते.

बँकेने 30 दिवसांत उत्तर न दिल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास ग्राहकाला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. या तक्रारीसाठी कोणतेही शुल्क लागत नाही.