विश्लेषण : लाकडी पट्ट्यांवर ओवी उमटेल का? मरिंबासाठी एकल रचना कशी घडते?

२००७ मध्ये पहिला आयफोन आला, तेव्हा त्याची ठरलेली रिंगटोन होती ‘मरिंबा’. त्यामुळे हे वाद्य कधी न पाहिलेल्यांनाही त्याचा आवाज ओळखीचा आहे. पूर्णा-नांदेड लोहमार्गावरच्या चुडाव्यात बसून या वाद्यासाठी स्वतःची रचना करायची म्हटले, तर सुरुवात कुठून करायची?

मरिंबा म्हणजे नेमके काय?

पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांप्रमाणे दोन ओळींत मांडलेल्या लाकडी पट्ट्या, प्रत्येकीखाली आवाज घुमवणारी नळी आणि वाजवायला टोकाला सूत गुंडाळलेल्या काठ्या. मोठ्या मरिंबात पाच सप्तके आणि ६१ पट्ट्या असतात. लांबी अडीच मीटरच्या आसपास, त्यामुळे वादक वाजवता वाजवता अक्षरशः चालत असतो. उत्तम पट्ट्या होंडुरास रोजवुडच्या. हे झाड आपल्या शिसवाच्याच कुळातले. पट्टीच्या पोटातून लाकूड कमानीसारखे कोरत जातात आणि मूळ स्वराच्या वर बरोबर दोन सप्तकांवर दुसरा सूक्ष्म स्वर बोलू लागला की थांबतात. मरिंबाचा गोडवा त्या कोरण्यात आहे.

वाद्याचे मूळ आफ्रिकेत, वाढ मध्य अमेरिकेत. ग्वाटेमालाचे तर ते राष्ट्रीय वाद्य. आपल्याकडचा जवळचा नातेवाईक म्हणजे आकाशवाणीच्या वाद्यवृंदात वाजणारा काष्ठतरंग.

रचना करताना अडचण कुठे येते?

स्वर टिकत नाही, ही पहिली अडचण. खालच्या जाड पट्टीचा नाद थोडा रेंगाळतो, वरच्या पट्टीचा ‘टक्’ करून संपतो. लांब स्वर हवा असेल तर तीच पट्टी दोन काठ्यांनी भराभर वाजवायची. याला रोल म्हणतात. नवखे रचनाकार प्रत्येक लांब स्वरावर रोल लिहितात आणि मग सगळी रचना थंडी वाजल्यासारखी थरथरत राहते.

मींड तर नाहीच. पण ती पेटीतही नाही. याच कारणावरून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती. तरी कीर्तनापासून नाट्यसंगीतापर्यंत पेटी आपली झालीच.

दुसरी अडचण हातांची. वादकाकडे चार काठ्या असतात, प्रत्येक हातात दोन. खालच्या पट्ट्या रुंद, वरच्या अरुंद. त्यामुळे वर सहज साधणारे अंतर खाली हात ताणूनही गाठणे कठीण जाते. शिवाय मऊ काठी खाली गोड, पण वर मुकी; कडक काठी वर खणखणीत, पण खाली नुसती ठोकल्यासारखी. म्हणजे काठी कोणती, हे ठरवल्याशिवाय सूरही नीट ठरत नाही.

वाद्य जुने, मग एकल रचना नव्या कशा?

बराच काळ मरिंबावर इतरांचीच गाणी वाजत. चित्र पालटण्यात मोठा वाटा जपानच्या केइको आबे यांचा. १९३७ साली जन्मलेल्या आबे यांनी शाळकरी वयात अमेरिकी मिशनऱ्यांनी आणलेली मरिंबा ऐकली. पुढे त्यांनी संगीतकारांकडून खास मरिंबासाठी रचना लिहून घेतल्या. मिनोरू मिकी यांची ‘टाइम फॉर मरिंबा’ ही १९६८ मधली त्यातलीच. त्या स्वतःही रचू लागल्या. आधी वाद्यावर मनसोक्त वाजवून पाहायचे, हाताला जे गवसेल ते मग कागदावर उतरवायचे, ही त्यांची रीत. १९८२ मध्ये त्यांनी एका रचनेसाठी चक्क जपानी बालगीते घेतली. अर्जेंटिनात जन्मलेले अलेहान्द्रो विन्याओ यांची २००१ मधली ‘खान व्हेरिएशन्स’ तर नुसरत फतेह अली खान यांच्या गाण्यातून उगवलेली.

मग चुडाव्यात काय आहे?

जात्यावरची ओवी आहे. गी पॉइतवां आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यात चुडाव्याच्याच पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या गंगुबाई अंबोरे यांचा आवाज आहे. ‘पारी’ या संकेतस्थळावर तो मोबाइलवरही ऐकता येतो.

ओवीची चाल मोजक्याच स्वरांत फिरते. ती जशीच्या तशी मरिंबावर वाजवली, तर तयार होईल फक्त रिंगटोन. घ्यायची ती तिची घडण. डाव्या हाताच्या दोन काठ्यांनी खालच्या षड्ज-पंचमावर जात्याची फेरी धरता येते. रोलने नाही, एक ठोका जड, पुढचे हलके, कारण जाते ओढताना जोर सगळीकडे सारखा नसतो. समोरासमोर बसलेल्या दोघींपैकी एकीने ओळ म्हणावी, दुसरीने उचलावी, ती देवघेव उजव्या हाताच्या दोन काठ्यांना वाटून देता येते. गळा जिथे घसरतो तिथे कणस्वर. आणि मूठभर दाणे टाकायला बाई जिथे थांबते, तिथे शांतता. न टिकणाऱ्या स्वराचे वाद्य ही शांतता फार सुरेख पेलते. माझ्या मते रचनेची खरी जागा तीच.

वाद्यच नसेल तर?

मोठ्या मरिंबाची किंमत लाखांत जाते. पण ‘म्यूजस्कोर’सारख्या मोफत संगणक प्रणालीत स्वरलेखन लिहिले की मरिंबाच्या आवाजात ऐकता येते. धोका एकच : संगणक सहा काठ्यांचेही निमूट वाजवतो. म्हणून अनेक रचनाकार दोन्ही हातांत दोन-दोन पेन्सिली धरून टेबलावर खुणा करतात आणि हात पोहोचतो का, ते आधी बघतात.