चेन्नईत जॅकी चॅन तमिळ बोलतो

५ जुलै २०२५ ला वरळीत उद्धव आणि राज हे दोन ठाकरे एका व्यासपीठावर आले, तेव्हा चेन्नईहून तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी त्यांचे जाहीर कौतुक केले. महाराष्ट्रातल्या शाळांत पहिलीपासूनच्या हिंदीचा शासन निर्णय त्याआधीच मागे घेतला गेला होता. तेव्हापासून आपल्याकडे तमिळनाडूचा दाखला रोज दिला जातो: १९३७ चे आंदोलन, १९६५ चे आंदोलन, दोन भाषांचे सूत्र. हा इतिहास मोठाच आहे. पण तमिळ पोराच्या तोंडात तमिळ टिकली, त्यामागे शाळा सुटल्यावर घरोघरी लागणाऱ्या टीव्हीचाही हात आहे. तिकडे आपल्या एकाही वक्त्याचे लक्ष जात नाही. त्या टीव्हीवर लागायचे एक अमेरिकी कार्टून.

९ सप्टेंबर २०२५ ला ‘जॅकी चॅन ॲडव्हेंचर्स’ या मालिकेला २५ वर्षे पूर्ण झाली. २००० साली त्या तारखेला शनिवार होता आणि अमेरिकेत शनिवारची सकाळ कार्टूनसाठी राखलेली असे. ‘किड्स डब्ल्यूबी’वर सुरू झालेली ही मालिका २००५ पर्यंत चालली. पाच पर्वे, ९५ भाग. सॅन फ्रान्सिस्कोत राहणारा पुरातत्त्वज्ञ जॅकी, हाँगकाँगहून त्याच्याकडे पाठवलेली नात्यातली अचाट पोरगी जेड आणि जुन्या वस्तूंचे दुकान चालवणारे खाष्ट अंकल. चिनी राशिचक्रातल्या बारा प्राण्यांचे बारा ताईत असतात. सशाच्या ताईतात वेग, सापाच्या ताईतात अदृश्य होण्याची शक्ती, बैलाच्या ताईतात बळ. ते मिळवायला चोरांची टोळी आणि ‘सेक्शन १३’ ही गुप्त संस्था एकमेकांवर तुटून पडतात.

काटेकोर वाचक म्हणतील, ही विज्ञानकथा नव्हेच, ही तर जादूची गोष्ट. मला तसे वाटत नाही. जमिनीखालचा यंत्रांनी भरलेला तळ, काळाचा प्रवास, सगळे इथे आहे. शिवाय यंत्रावर विश्वास ठेवणारा ‘सेक्शन १३’चा कॅप्टन ब्लॅक आणि वाळलेली पाल हातात धरून मंत्र पुटपुटणारे अंकल यांचा वाद रंगतो. जादूला जादूच हरवू शकते, हा अंकलचा हट्ट. पुराव्यावर विश्वास ठेवायचा की परंपरेवर, हा प्रश्न आठ वर्षांच्या मुलापुढे इतक्या गमतीने फार कमी मालिकांनी ठेवला.

तमिळनाडूत ही मालिका घराघरांत पोचली ती ‘चुट्टी टीव्ही’मुळे. सन नेटवर्कने ही मुलांची तमिळ वाहिनी २००७ च्या एप्रिलमध्ये सुरू केली. वेळ अचूक होती. द्रमुकने २००६ च्या निवडणुकीत फुकट रंगीत टीव्हीचे आश्वासन दिले होते आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून वाटपही सुरू झाले. पुढच्या काही वर्षांत दीड कोटींहून अधिक संच वाटले गेले. ज्या घरात पहिल्यांदाच रंगीत टीव्ही आला, तिथल्या मुलाला त्यावर पहिला परदेशी नायक दिसला तो तमिळ बोलतानाच. सन नेटवर्कने हे धंद्यासाठी केले, भाषेच्या व्रतासाठी नव्हे, हे मला मान्य आहे. तरी लाभ भाषेला झाला, आणि तोच मला मोलाचा वाटतो.

वाहिनी सुरू झाल्यावर वर्षभराने, २५ एप्रिल २००८ ला, खरा जॅकी चॅन चेन्नईत आला. कमल हासन यांच्या ‘दशावतारम्’च्या ध्वनिफितीचे प्रकाशन नेहरू स्टेडियमवर होते. त्या शहरातली मुले तोवर त्याला रोज तमिळमध्ये धडपडताना ऐकत होती.

आता डबिंगविषयी, कारण खरे कसब तिथे आहे. पडद्यावरचे ओठ मिटतात तेव्हा ऐकू येणाऱ्या शब्दातही प, ब, म यांपैकी काही यावे लागते, नाहीतर डोळ्यांना खटकते. कार्टूनमध्ये तोंडाचे आकार मोजकेच काढलेले असतात, त्यामुळे लेखकाला जरा मोकळीक मिळते. ती मोकळीक तमिळ लेखकांनी पुरेपूर वापरली. तमिळमध्ये पुस्तकी भाषा आणि घरची भाषा यांत मोठे अंतर आहे. चुट्टी टीव्हीने घरची भाषा निवडली. अंकल आतून परत परत येऊन आणखी एक गोष्ट सांगतात, त्यासाठीचे ‘इन्नोरु विषयम्’ हे दोन शब्द आज तिशीकडे आलेल्या तमिळ पिढीच्या मीममध्ये सर्रास दिसतात. म्हातारा काका, त्याला दबून असणारा कर्ता पुरुष आणि कुणालाच न जुमानणारी पोरगी हे कुटुंब चेन्नईतल्या मायलापूरच्या कुठल्याही घरात शोभले असते.

हे कसब चेन्नईत अचानक उगवले नाही. चित्रपट निर्माते ए. व्ही. मेय्यप्पन यांनी ‘हरिश्चंद्र’ हा कन्नड बोलपट १९४० च्या दशकातच तमिळमध्ये आणला आणि भारतातल्या अगदी पहिल्या डबिंगमध्ये त्याची गणना होते. कोडंबाक्कमच्या स्टुडिओंनी तेव्हापासून दुसऱ्याच्या तोंडी आपली भाषा घालण्याचा सराव केला आहे.

आपल्याकडे हेच काम कागदावर एका माणसाने केले. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नला ‘चंद्रावर स्वारी’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ अशा नावांनी मराठी घरात आणून बसवले, आणि आपल्याला तो परका वाटला नाही. पुण्याचा फास्टर फेणे त्याच बैठकीतला. २०२५ च्या मे महिन्यात गेलेल्या जयंत नारळीकरांनीही मुलांना मराठीतूनच अवकाशात नेले. म्हणजे वाचणाऱ्या मुलाची सोय आपण केली होती. बघणाऱ्या मुलाला मात्र आपण हिंदीच्या हवाली केले. डोरेमॉन, शिनचॅन, बेन टेन यांच्या संगतीत वाढलेले पोर पुण्यातल्या सोसायटीत खेळताना हिंदीत भांडते, आणि आपण दोष शाळेला देतो. पहिलीच्या वर्गात शिरण्याआधी तीन वर्षे हिंदी आपल्या दिवाणखान्यात येऊन बसलेली असते. तिला शासन निर्णय लागला नाही.

मराठीत काहीच नाही असे नव्हे. २०२१ मध्ये आलेल्या ‘ईटीव्ही बाल भारत’ने इतर भाषांबरोबर मराठीही घेतली. पण ज्या मालिकेसाठी मुले खेळ सोडून घरी पळत येतील, अशी मराठी बोलणारी एकही मालिका मला दिसत नाही. आवाजांची वाण आहे म्हणावे, तर तेही खरे नाही. हिंदी निंजा हातोरीला आवाज देणाऱ्या मेघना एरंडे आपल्याच आहेत. हिंदी डबिंगचे मोठे स्टुडिओ मुंबईत आहेत.

सन नेटवर्कने तमिळनंतर तेलुगूत ‘खुशी’, कन्नडमध्ये ‘चिंटू’ आणि मल्याळममध्ये ‘कोचू’ या मुलांच्या वाहिन्या काढल्या. २०२१ च्या ऑक्टोबरात त्याच कंपनीने ‘सन मराठी’ सुरू केली, ती कौटुंबिक मालिकांसाठी. पाचवी बालवाहिनी मराठीत काढा, अशी मागणी घेऊन वरळीच्या व्यासपीठावरच्या दोन्ही पक्षांनी कंपनीच्या दारात जायला हवे. मराठी बोलणारे अंकल ऐकायला मिळणार असतील, तर त्या मोर्चात मीही चालेन.