बारीक नळी आणि रुंद नळी

दंतवैद्यांच्या खुर्चीत मान मागे टेकवून आपण तोंड उघडतो, तेव्हा खालच्या ओठाच्या कडेला आकड्यासारखी वाकवलेली एक बारीक नळी अडकविली जाते. तिचा खळखळाट सुरू झाला की आपण निर्धास्त होतो. तोंडातील पाणी आणि लाळ ती ओढून नेते, म्हणजे सर्व घाण बाहेर गेली, अशी आपली समजूत असते. ही समजूत अर्धीच खरी आहे.

दातांवरील किटण काढणारे अल्ट्रासॉनिक स्केलर हे यंत्र १९५० च्या दशकात दंतचिकित्सेत आले. त्याचे टोक सेकंदाला हजारो वेळा, बहुतेक यंत्रांत पंचवीस-तीस हजार वेळा, कंप पावते. त्या कंपनाने घट्ट बसलेले किटण सुटते. पण टोक तापू नये म्हणून त्यावर सतत पाणी सोडावे लागते. टोकावर आपटून त्या पाण्याचे तुषार होतात. या तुषारांत केवळ पाणी नसते. लाळ, हिरड्यांतून आलेले रक्त आणि दातांभोवती साठलेले जंतू त्यात मिसळलेले असतात.

या तुषारांचे दोन प्रकार मानले जातात. ५० मायक्रॉनहून मोठे थेंब आपल्या वजनाने लवकर खाली येतात व रुग्णाच्या छातीवर, वैद्यांच्या चष्म्यावर, शेजारच्या टेबलावर पडतात. त्याहून सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात. त्यांतील काही अर्ध्या तासापर्यंतही टिकू शकतात आणि श्वासावाटे शरीरात जाऊ शकतात. म्हणजे आपण बिल चुकते करून घरी निघालो, तरी आपल्या तोंडातील काही अंश त्या खोलीत मागे राहतो. पुढच्या रुग्णाला तो घटकाभर सोसावा लागतो. वैद्यांना आणि त्यांच्या मदतनिसांना मात्र दिवसभर.

येथे बारीक नळीची मर्यादा उघड होते. ती साचलेले पाणी ओढते; तुषारांनी भरलेली हवा ओढून घेण्याची शक्ती तिच्यात नसते. त्यासाठी दुसरी, रुंद नळी असते. तिचे तोंड साधारण ८ मिलिमीटर किंवा त्याहून मोठे असते आणि तिच्यामागील मोटर मिनिटाला १०० घनफूट, म्हणजे सुमारे २,८०० लिटरपर्यंत हवा खेचू शकते. ही नळी स्केलरच्या टोकाजवळ धरली, तर तुषार उडतानाच पकडले जातात. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात हॅरेल आणि मोलिनारी यांनी २००४ साली यासंबंधीच्या संशोधनाचा आढावा घेतला. रुंद नळीच्या योग्य वापराने उडणारे दूषित कण ९० टक्क्यांहून अधिक कमी होतात, असे त्यात नमूद आहे.

मग ती सर्वत्र का वापरली जात नाही? अडचण हातांची आहे. सफाई करणाऱ्याच्या एका हातात स्केलर आणि दुसऱ्या हातात आरसा असतो. रुंद नळी धरण्यास तिसरा हात, म्हणजे प्रशिक्षित मदतनीस लागतो. यावर उपाय म्हणून स्केलरलाच जोडता येणारी नळी, हवा ओढणारा आरसा, तसेच तोंड उघडे ठेवण्याचा आधार व नळी एकत्र असलेले साधन निघाले. कोविडच्या काळात हनुवटीजवळ ठेवायचे मोठ्या तोंडाचे बाहेरील सक्शन यंत्रही अनेक दवाखान्यांत आले. मे २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंतवैद्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा हा तुषारांचा विषय सामान्य माणसाच्याही कानी पडला. साथ ओसरली; तुषार मात्र पूर्वीसारखेच उडत आहेत.

बारीक नळीविषयी आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. तोंडातील पाणी काढण्यासाठी पुष्कळजण तिच्याभोवती ओठ घट्ट मिटतात. तसे केल्यास तोंडातील दाब नळीतील दाबापेक्षा कमी होऊन नळीतील द्रव उलटा तोंडात येऊ शकतो. पुढचे प्लास्टिकचे टोक प्रत्येक रुग्णासाठी नवे असले, तरी मागची नळी तीच असते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००३ च्या मार्गदर्शिकेत रुग्णांना ओठ मिटण्यास सांगू नये, असे सुचविले. यामुळे कोणी आजारी पडल्याची नोंद तेव्हा नव्हती. तरीही जे सहज टाळता येते ते का टाळू नये?

आपण व्यापारी माणसे; दर विचारणे हा आपला स्वभावच आहे. सफाईचा दर विचारताना त्यात काय येते, हेही विचारावे. रुंद नळी वापरली जाते का? ती धरण्यास मदतनीस असतो का? सक्शनच्या नळ्या रोज जंतुनाशकाने धुतल्या जातात का? दोन रुग्णांच्या मध्ये खोलीत हवा खेळती राहते का? सफाईपूर्वी जंतुनाशक द्रवाने चूळ भरावयास देतात का? चांगल्या वैद्यांना हे प्रश्न विचारल्याचा राग येत नाही. ताप, खोकला किंवा क्षयरोगाचा संशय असेल, तर तो न लपवता सांगावा आणि सफाई पुढे ढकलावी.

मजबूत मोटर, स्वच्छ नळ्या आणि मदतनिसाचे वेतन यांचा खर्च बिलात स्वतंत्र ओळीने दिसत नाही. म्हणूनच घासाघीस केली की प्रथम त्यालाच कात्री लागते. दोनशे रुपये वाचल्याचे समाधान आपल्याला लाभते. पण त्याची किंमत त्या खोलीत रोज आठ-दहा तास श्वास घेणारी मदतनीस मुलगी मोजत असते.