बोलीचे ध्वनिमुद्रण : कोष्टकात की फाइलीत?

वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. पुढे बुडीत क्षेत्रातील गावे उठून अन्यत्र वसली. अशा गावच्या बोलीचे जुने ध्वनिमुद्रण पुन्हा मिळणारे नव्हे. ते कोठे ठेवावे?

एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल पद्धतीत माहिती कोष्टकांच्या ओळींत असते. ध्वनीची बायनरी मालिका ओळीतच ठेवता येते, किंवा ओळीत केवळ फाइलीचा पत्ता लिहिता येतो. पत्ता लिहिल्यास कोष्टक हलके राहते. परंतु फाइल हलली की उठलेल्या गावी धाडलेल्या पत्राची गत होते. ओळीत ठेवल्यास निवेदकाचे गाव, वय व आवाज यांची ताटातूट होत नाही.

जिम ग्रे व सहकाऱ्यांच्या २००६ सालच्या अभ्यासात २५६ किलोबाइटांहून लहान वस्तू कोष्टकात, तर एक मेगाबाइटहून मोठ्या फाइलींत ठेवणे सोयीचे ठरले. सेकंदभराचा उच्चार सुमारे ८८ किलोबाइटांचा होतो. यास्तव सुटे शब्द कोष्टकात ठेवावेत. दीर्घ कथने फाइलींत ठेवून पत्त्यासह त्यांची पडताळणीसंख्याही ओळीत नोंदवावी, हे श्रेयस्कर होय.