खो-खोची मोजदाद – लेखांक ९ : पुरस्कार कुणाला, निवड कुणाची?

मागच्या लेखांकात खांबाजवळच्या बचावाविषयी लिहिलं होतं. त्यावर लोहारा, सास्तूर, माकणी, जेवळी या भागांतल्या पालकांनी आणि प्रशिक्षकांनी विचारलेल्या बहुतेक प्रश्नांचा आशय एकच होता. आमची मुलगी चांगली पळते, तिला जानकी पुरस्कार मिळेल का? आमचा मुलगा महाविद्यालयाच्या संघात आहे, त्याला अल्टिमेट खो-खो लीगमध्ये घेतील का? हे दोन प्रश्न एका दमात विचारले जातात, म्हणून त्यांची उत्तरंही एकच असावीत असं वाटतं. तसं नाही. पुरस्कार देणारे एक पाहतात आणि संघ बांधणारे दुसरंच पाहतात.

आधी पुरस्कारांचं पाहू. राष्ट्रीय खो-खो स्पर्धांमध्ये प्रत्येक वयोगटातल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूला ठरलेल्या नावाचा पुरस्कार मिळतो. चौदा वर्षांखालच्या मुलांना भरत आणि मुलींना इला, अठरा वर्षांखालच्या मुलांना वीर अभिमन्यू आणि मुलींना जानकी, खुल्या गटात पुरुषांना एकलव्य आणि महिलांना राणी लक्ष्मीबाई. हा निकाल त्या स्पर्धेपुरता, त्या चार-पाच दिवसांपुरता असतो. बहुधा जिंकलेल्या संघातलीच कुणीतरी निवडली जाते, कारण उपांत्य आणि अंतिम सामन्यातला खेळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ताजा असतो. म्हणजे पुरस्काराची पहिली अट खेळाडूच्या हातात नसतेच: तिचा संघ शेवटपर्यंत पोहोचला पाहिजे. महाराष्ट्राच्या खेळाडूला ही बाजू अनुकूल असते, कारण राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्र बहुतेक वेळा अंतिम फेरीत असतो. पण त्याच कारणानं महाराष्ट्राच्या संघात शिरणं हीच मोठी परीक्षा होऊन बसते. लोहाऱ्याच्या मुलीनं आधी धाराशिव जिल्ह्याच्या संघात जागा मिळवायची, मग राज्य अजिंक्यपद स्पर्धेत ठाणे, पुणे, सांगली यांच्याविरुद्ध खेळून निवड समितीच्या नजरेत भरायचं. पुरस्कारापर्यंतचा निम्म्याहून अधिक रस्ता इथेच संपतो.

लीगची निवड वेगळ्या तत्त्वावर चालते. हे समजायला अमेरिकेचं उदाहरण उपयोगी पडेल. तिथल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा चेंडू हाती घेऊन चाल ठरवणारा, लांब फेक करणारा खेळाडू. वर्षातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला हाइझमन करंडक देतात. हा करंडक १९३५ पासून सुरू आहे आणि त्यासाठी मुख्यतः क्रीडा पत्रकार व जुने विजेते मतं देतात. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, व्यावसायिक संघांनी महाविद्यालयांतून पाळीपाळीनं खेळाडू निवडण्याची ड्राफ्ट ही पद्धत सुरू केली. टिम टीबो या क्वार्टरबॅकनं २००७ चा हाइझमन दुसऱ्या वर्षाला असतानाच जिंकला. महाविद्यालयात त्याला तोड नव्हती. २०१० च्या ड्राफ्टमध्ये तो पंचविसाव्या क्रमांकावर घेतला गेला आणि थोड्याच वर्षांत बाजूला पडला, कारण त्याची चेंडू फेकण्याची लांबलचक ढब व्यावसायिक बचावासमोर चालली नाही. उलट टॉम ब्रेडी या क्वार्टरबॅकला हाइझमन कधीच मिळाला नाही. २००० च्या ड्राफ्टमध्ये तब्बल १९८ खेळाडूंची नावं पुकारून झाल्यावर त्याचं नाव आलं, आणि पुढे त्यानं सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, सात वेळा जिंकला. तिथे धाव, उडी, ताकद सगळं सेकंद-इंचात मोजतात. ब्रेडीची चाळीस यार्डांची धाव मंद होती, एवढंच निवडणाऱ्यांना दिसलं. दबावाखाली त्याचं डोकं किती शांत राहतं, हे मोजायला त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं.

आता आपल्याकडे या. अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम १४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर २०२२ या काळात पुण्यात बालेवाडीला झाला. सहा संघ होते. अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सनं तेलुगू योद्धाज् संघाला ४६-४५ असं हरवलं. खेळाडू लिलावात विकत घेतले गेले नाहीत. त्यांचे अ, ब, क, ड असे गट करून प्रत्येक गटाचं मानधन आधीच ठरवलं होतं. अ गटाला पाच लाख, ब गटाला तीन, क गटाला दीड आणि ड गटाला एक लाख. मग संघांनी आपापल्या पाळीला नाव पुकारायचं. इथे बोली वाढत नाही. प्रश्न एवढाच उरतो की आपल्या पाळीपर्यंत तो खेळाडू शिल्लक राहील का, आणि आपल्याला नेमकं कोणतं काम करणारा गडी हवा आहे.

काम हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो, कारण लीगचा खेळ आपल्या नऊ जणांच्या खो-खोपेक्षा बराच बदललेला आहे. मैदानावर सात जण, मैदान आखूड, डाव सात मिनिटांचा. साध्या स्पर्शानं गडी टिपला की दोन गुण, पण हवेत सूर मारून किंवा खांबावरून झेपावून टिपला की तीन. आक्रमणातला एक खेळाडू वजीर, त्याला कुठल्याही दिशेला वळायची मुभा. बचावाची तुकडी ठरलेल्या वेळेपलीकडे टिकली की बोनस गुण. पारंपरिक खो-खोत दिशा धरून पळावं लागतं, त्यामुळे समोरच्याला चुकीच्या बाजूला नेणारी हुलकावणी हे बचावाचं मोठं शस्त्र असतं. वजीरासमोर ते निम्मं बोथट होतं. जिल्ह्याच्या मैदानावर सरळ साखळी खेळात तीन-तीन मिनिटं काढणारा मुलगा लीगमध्ये दीड मिनिटात सापडू शकतो. उलट ज्याला गावात ‘उगाच उड्या मारतो’ म्हणून बोलणी बसतात, त्याच्या सुरांना तिथे मोल आहे. एकलव्य मिळालेला खेळाडू मागे राहिला आणि दुसऱ्याच कुणाला आधी पुकारलं, तर त्यात अन्याय शोधायची घाई करू नये.

मग लोहाऱ्याच्या मैदानावर बसून अंदाज बांधायचा कसा? वर्तमानपत्रातल्या बातमीवरून बांधायचा नाही, एवढं आधी सांगतो. बातमीत ‘अमुकनं २.४० मि. संरक्षण करत ३ गडी बाद केले’ एवढंच छापून येतं. त्या दोन मिनिटं चाळीस सेकंदांच्या आत काय घडलं, ते पाहायला हवं. पळती तुकडी तिघांची असते. तिघंही मैदानात असताना आक्रमण एकावर रोखलेलं असतं, त्या वेळी उरलेले दोघे चौकाच्या कडेनं श्वास सांभाळत असतात. दोन गडी गेल्यावर तिसरा एकटा राहतो आणि नऊच्या नऊ जण त्याच्यामागे लागतात. त्या एकट्याच्या वेळातले तीस सेकंद मला सोबतीनं काढलेल्या दीड मिनिटापेक्षा मोलाचे वाटतात. वहीत तेवढा वेळ वेगळा लिहा.

दुसरं, खेळाडू बाद कसा झाला ते लिहा. खांबाजवळ अडकला, सुरात सापडला, की दमून हद्दीबाहेर पाय टाकला? सुरात सापडला तर समोरच्याचं कौतुक. दमून बाहेर गेला तर सरावात काम बाकी आहे. आणि एकाच खांबाजवळ पुनःपुन्हा सापडत असेल, तर वरच्या पातळीवरचा प्रशिक्षक ते दहा मिनिटांत ओळखेल. तिसरं, समोर कोण होतं? तालुका स्पर्धेत कच्च्या संघाविरुद्ध डावभर नाबाद राहणं आणि राज्य स्पर्धेच्या बाद फेरीत दीड मिनिट काढणं, यात मी दुसऱ्याला वर ठेवीन. सामना अटीतटीला येऊन लघुत्तम आक्रमणाच्या नियमावर गेला असेल, तर त्या डावातली वागणूक जरूर टिपा. त्या वेळी पाय सगळ्यांचेच जड झालेले असतात, डोकं कुणाचं चालतं ते कळतं.

वयाचाही विचार हवा. चौदाच्या आतल्या गटात उंची आणि वाढ लवकर झालेलं मूल सहज उठून दिसतं. इला किंवा भरत मिळाला म्हणून पुढचं सगळं ठरलं असं मानून त्या मुलावर ओझं टाकू नका. अठराच्या आसपास शरीरं बरोबरीला आली की खरी तुलना सुरू होते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेखांक लिहायला घेतला, तिच्याकडे येतो. अल्टिमेट खो-खोचे पुण्यातला आणि नंतर कटकचा, असे पहिले दोन्ही हंगाम फक्त पुरुषांचे होते. धाराशिव जिल्ह्याचं नाव मात्र देशभर केलं ते मुलींनी. सारिका काळे २०१६ च्या गुवाहाटीतल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, तोही खो-खोला २२ वर्षांच्या खंडानंतर. त्या वेळी ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होती. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. तिथे अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवणाऱ्या भारतीय महिला संघात आपल्या जिल्ह्याची अश्विनी शिंदे होती. या दोघींनी तो दर्जा गाठला, तेव्हा त्यांचं नाव पुकारणारा ड्राफ्टच अस्तित्वात नव्हता.

त्यामुळे लोहाऱ्याच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीचं गणित मुलाच्या गणितापेक्षा वेगळं मांडावं लागतं. मुलाला पुरस्कार नाही मिळाला तरी लीगचा एक दरवाजा उघडा राहतो. मुलीसाठी राष्ट्रीय पदक, पुरस्कार आणि त्यांच्या जोरावर शासकीय नोकरीतलं पाच टक्के क्रीडा आरक्षण, हीच सध्याची व्यावसायिक वाट आहे. म्हणून तिच्या बाबतीत प्रमाणपत्र हे हातातलं साधन आहे. तिचा वयोगटातला प्रवेश एका वर्षानंही चुकता कामा नये, आणि निवड चाचणीच्या तारखा परीक्षेच्या वेळापत्रकाइतक्याच गांभीर्यानं लिहून ठेवायला हव्यात. मुलींची लीग सुरू झाली पाहिजे, ही मागणी या जिल्ह्यानं मोठ्यानं करायला हवी. ती मागणी करण्याचा धाराशिवइतका हक्क फार थोड्या जिल्ह्यांना आहे.

पुढच्या आठवड्यात निवड चाचणीच्या दिवशी नेमकं काय पाहिलं जातं, ते मांडतो. तोवर तालुक्यातल्या प्रत्येक प्रशिक्षकाला एक विनंती आहे: या हंगामापासून प्रत्येक खेळाडूच्या नावानं वहीचं एक पान काढा. एकट्यानं टिकवलेला वेळ, बाद होण्याची पद्धत आणि समोरचा संघ, एवढं तरी त्यात लिहायला लागा. मुलींची पानं आधी काढा.