बिल कमी करा, डोस नको

रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड यांची गोळी एकदा सुरू झाली की तिचा खर्च दर महिन्याला असतो. तो झेपेनासा झाला की अनेक घरांत रोजची गोळी एकाआड घेतली जाते आणि डॉक्टरांना ते कळतही नाही. हे धोक्याचं आहे. खर्च कमी करायचे सुरक्षित मार्ग आहेत, पण काही गैरसमज आड येतात.

गैरसमज : स्वस्त औषध कमी गुणाचं.
वस्तुस्थिती : औषधाचं पेटंट 20 वर्षांचं असतं. ते संपलं की तेच औषध इतर कंपन्याही बनवू शकतात. संशोधनाचा आणि जाहिरातीचा बोजा नसल्याने किंमत उतरते. 2008 साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेत औषधाची प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासूनच दुकानात जाते. तिथले दर नामांकित ब्रँडच्या निम्म्याहून कमी असतात.

गैरसमज : स्वस्त पर्याय केमिस्टच बदलून देईल.
वस्तुस्थिती : चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल, तर शेड्यूल एचमधलं (म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारं) औषध परस्पर बदलून द्यायला नियमाने मनाई आहे. म्हणून विचारायचं ते डॉक्टरांनाच : ‘हेच औषध जेनेरिक नावाने लिहून द्याल का?’ औषध जेनेरिक, म्हणजे मूळ घटकाच्या नावाने लिहावं, असं डॉक्टरांच्या 2002च्या आचारसंहितेतच म्हटलं आहे.

गैरसमज : सरकारने दर बांधले, म्हणजे सगळे ब्रँड एकाच भावाचे.
वस्तुस्थिती : सरकार ठरवतं ती कमाल मर्यादा. 2013च्या आदेशानुसार, बाजारात किमान 1 टक्का वाटा असलेल्या ब्रँडच्या दरांची सरासरी काढून त्यावर दुकानदाराचा 16 टक्के नफा धरतात. त्या मर्यादेखाली दर वेगवेगळे असू शकतात. दर न बांधलेल्या औषधांची छापील किंमत तर कंपनी वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. तेव्हा घटक आणि मिलिग्रॅम जुळवून दरांची तुलना करा. ‘फार्मा सही दाम’ आणि ‘जनऔषधी सुगम’ ही सरकारी ॲप त्यासाठीच आहेत.

गैरसमज : ‘जेनेरिक’ म्हटलं की किंमत कमीच.
वस्तुस्थिती : काही जेनेरिक गोळ्यांच्या पाकिटावरही मोठी एमआरपी छापलेली असते. एमआरपीपेक्षा कमी दराने विकायला दुकानदाराला कोणतीही आडकाठी नाही. सवलत विचारा, बिल घ्या.

गैरसमज : मोठ्या मिलिग्रॅमची गोळी आणून अर्धी केली की पैसे वाचतात.
वस्तुस्थिती : काही साध्या गोळ्यांच्या बाबतीत डॉक्टर तशी परवानगी देतात. पण नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सएल असलेली गोळी शरीरात हळूहळू विरघळावी अशी बनवलेली असते. ती मोडली, तर दिवसभराचं औषध एकदम रक्तात उतरू शकतं. थायरॉईड, फिट्स आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनसारख्या औषधांत तर कंपनी बदलतानाही डॉक्टरांना सांगायला हवं, कारण तिथे मात्रेतला थोडा फरकही महागात पडतो.

पुढच्या भेटीला घरातली सगळी औषधं बरोबर न्या आणि विचारा : यातलं कोणतं बंद करता येईल? खर्च झेपत नाही, हेही स्पष्ट सांगा. गोळ्या चुकत आहेत हे माहीत नसेल, तर रक्तदाब उतरत नाही म्हणून डॉक्टर आणखी एक गोळी लिहून देतील आणि बिल वाढेल. अडचण कळली, तर तेच उपचार कमी खर्चात कसे बसवायचे याचा विचार त्यांना करता येतो.