पेंढ्यातील शर्करा, उद्याचे इंधन

भाताची कापणी आटोपते, गव्हाची पेरणी तोंडावर येते. पेंढा हलविण्यास सवड नाही आणि पैसाही नाही, म्हणून पंजाब-हरियाणात तो शेतातच पेटविला जातो. वस्तुतः पेंढ्यातील सेल्युलोज म्हणजे ग्लुकोज शर्करेची लांबलचक साखळीच; परंतु लिग्निनच्या चिवट वेष्टनामुळे ती सहजी सुटत नाही.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटीच्या सहकार्याने विकसित केलेले तंत्रज्ञान २०२१ मध्ये जाहीर झाले. त्यात भात, गहू, मका यांच्या अवशेषांचे विघटन सूक्ष्मजीवांचा खास समूह करतो. उष्णतेची वा रसायनांची पूर्वप्रक्रिया लागत नाही. प्रथम हायड्रोजन मिळतो, नंतर मिथेन; त्यापासूनही हायड्रोजन काढता येतो.

असे तंत्र शिवारापर्यंत पोहोचल्यास राख होणाऱ्या पेंढ्याला दाम मिळेल, शेतकऱ्यास जोडउत्पन्न लाभेल आणि आकाशही निवळेल.